पस्तीस पूर्णांक नऊ

सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. हे तीन खिळे दशांशकाकांनी दिवसाच्या भिंतीत ठोकून ठेवले होते आणि घरातला प्रत्येक दिवस त्या तीन खिळ्यांवर टांगलेला असे. एखादा खिळा निसटला तर दिवस खाली पडून फुटेल, ही भीती त्यांच्या मनात कायमची मुक्कामाला आली होती. वेळ झाली, की ते बायकोच्या जिभेखाली तापमापक ठेवीत, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत तीन मिनिटं ताठ उभे राहत, आणि मग खिडकीच्या उजेडात काचेची ती बारीक नळी बोटांत फिरवून पाऱ्याची चमकती रेघ पकडीत. आकडा वहीत उतरे. आधी तिचा, मग स्वतःचा.

"तीन मिनिटं बायकोचं तोंड बंद ठेवायची ही युक्ती तुम्हाला चाळीस वर्षं आधी सुचायला हवी होती," नळी तोंडातून निघाली रे निघाली, की काकू म्हणत. "केवढा सुखाचा संसार झाला असता!"

"किती आला ते तरी विचार."

"विचारायचं कशाला? तुमच्या कपाळावर आठी नाही, त्या अर्थी मी अजून आहे."

'दशांशकाका' हे नाव कारखान्यातल्या तरुण मंडळींनी दिलेलं, आणि ते घरापर्यंत पाठलाग करत आलेलं. तापमापक बनवणाऱ्या त्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. कोमट पाण्याच्या टाकीत नवी नळी उभी करायची. तिच्या शेजारी 'मास्टर', म्हणजे ज्याच्या शब्दावर बाकी सगळ्यांनी चालायचं असा जुना, खात्रीचा तापमापक. दोघांचे आकडे ताडून पाहायचे. जो फरक निघेल तो एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी दोऱ्याने नळीच्या गळ्यात बांधायची. दुरुस्तीची चिठ्ठी म्हणत तिला. एका दशांशासाठी काका साहेबांशी हमरीतुमरीवर येत. निवृत्तीच्या दिवशी तोच जुना मास्टर निळ्या मखमलीच्या पेटीत घालून त्यांच्या हाती दिला गेला, आणि तेव्हापासून तो कपाटाच्या वरच्या खणात, एखाद्या झोपलेल्या साक्षीदारासारखा, आडवा पडून होता.

भीतीची सुरुवात मात्र कारखान्यातली नव्हती. गेल्या हिवाळ्यात थोरले भाऊ गेले होते. रविवारच्या जेवणाला सगळे जमलेले असताना ते दोनदा खोकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काही नाही रे, घसा बसलाय." त्यानंतर अकरा दिवस. अकराव्या दिवशी इस्पितळाच्या पांढऱ्या बोळात उभं राहून काकांनी वहिनींना एकच प्रश्न विचारला होता, "ताप किती होता?" वहिनींनी डोळे पुसत मान हलवली. कुणी मोजलाच नव्हता. त्या नकारावर काकांच्या दुःखाने घर बांधलं. मोजला असता, वेळेवर मोजला असता, तर थोरले आज समोरच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्राची घडी मोडत असते, यावर त्यांचा इतका विश्वास बसला, की दुसऱ्या कुठल्या शक्यतेला त्या घरात जागाच उरली नाही.

हवेलाही फारशी उरली नाही. खिडक्या बंद झाल्या. बाहेरच्या जगाने आत शिरण्याआधी साबणाने हात धुवावेत, तेही दोनदा, असा कायदा आला. काकू रोज सकाळी दोन मैत्रिणींबरोबर बागेला तीन फेऱ्या मारीत. त्या फेऱ्या थांबल्या, कारण एक मैत्रीण शिंकत होती. कच्ची फळं बंद, कारण ती कुणाकुणाच्या हातांतून आलेली. अंडी बंद, कारण काकांनी कुठेतरी काहीतरी वाचलं होतं. पातळ सूप आणि टोस्ट एवढंच निर्धोक ठरलं. आणि स्वयंपाकघराच्या फळीवर रोगप्रतिकारशक्ती वाढवण्याचं आश्वासन देणाऱ्या बाटल्यांची रांग उभी राहिली: तपकिरी, हिरव्या, एक तर अगदी जांभळी. त्यांची झाकणं सकाळ-संध्याकाळ उघडत आणि मिटत, आणि बायकोच्या ब्लाउजच्या बाह्या सैल होत चालल्यात हे मात्र काकांना दिसलं नाही. ते वहीत लिहिण्याजोगं नव्हतं.

"मला बरणीत भरून झाकण लावा एकदाचं," काकू म्हणत. "वर तारीख लिहा, म्हणजे झालं."

वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहत. पन्नाशीच्या, रुंद खांद्यांच्या, जिना चढताना गुणगुणणाऱ्या. काकूंचं आणि त्यांचं सूत चांगलं जमलेलं. दवाखान्यातून दोघांच्या नावे फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लशीचं पत्र आलं, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "काका, पाच मिनिटांचं काम आहे. मीच टोचीन, हात हलका आहे माझा." पण काका एकदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आत बाकावर सातजण खोकत बसले होते. आजारापासून वाचण्यासाठी आजारांच्या गर्दीतून जायचं, हे त्यांच्या हिशोबात बसेना. पत्र टेबलाच्या खणात गेलं. पुढे एक दिवस जिन्यात नर्सबाईंना गाठून, नजर त्यांच्या चपलांवर ठेवून, ते म्हणाले, "रागावू नका, पण तुम्ही दिवसभर आजाऱ्यांत असता. काही दिवस आमच्याकडे येऊ नका." नर्सबाईंचं गुणगुणणं तेवढं काकांच्या दारापाशी आलं, की थांबू लागलं.

तेव्हापासून काकांना त्यांच्या पावलांचं वेळापत्रक पाठ झालं. दीडच्या सुमाराला सकाळची पाळी संपवून त्या जिना चढत. त्या वर पोचून दार लागल्याचा आवाज येईपर्यंत काका स्वतःचं दार उघडत नसत.

*

मंगळवारी काकूंनी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं अर्धवट टाकलं. ही गोष्ट साधी नव्हती. काकू शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. कोडं त्या पेन्सिलीने नव्हे, पेनाने सोडवत, आणि काकांना एखादं घर सुचलंच, तर "वर्गात मध्ये बोलू नये" म्हणून गप्प करत. मंगळवारी मात्र सात घरं रिकामी राहिली. पेन उघडाच पडला होता आणि त्याच्या टोकाशी कागदावर निळा डाग हळूहळू मोठा होत होता.

काकांनी तापमापक काढला. छत्तीस पूर्णांक सहा.

बुधवारी त्यांनी सूप बाजूला सारलं. "भूक नाही हो," म्हणाल्या, आणि सकाळी अकरालाच पुन्हा आडव्या झाल्या. खोकला म्हणावा तर जेमतेम, घशात अडकलेल्या एखाद्या शब्दासारखा. छत्तीस पूर्णांक नऊ. संध्याकाळी सदतीस.

काकांच्या खिशात भीती एखाद्या थंड नाण्यासारखी पडली होती आणि ते दर तासाला ते नाणं चाचपून पाहत होते. पण प्रत्येक वेळी आकडा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगे: ताप नाही. वहीच्या प्रत्येक पानावर त्यांनी स्वतः, पट्टीने, अडतीसच्या आकड्यापाशी लाल रेघ ओढलेली होती. रेघ अजून लांब होती. थोरल्यांच्या वेळी कुणी मोजलं नव्हतं. इथे मोजणारा पहाऱ्यावर होता.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात, रेल्वेने सहा तासांवर.

"बाबा, आई बोलताना मध्येच थांबतेय. श्वास लागल्यासारखा वाटतोय."

"झोपेतून उठलीये. ताप नाही तिला."

"तापाचं मी विचारलंच नाही."

"सदतीस आहे, बरोब्बर. मी स्वतः पाहिला."

"तुम्ही पारा पाहिलात, बाबा. आईला पाहिलंत का?"

"हे बघ, छत्तीस वर्षं मी हेच..."

"माहितीये. छत्तीस वर्षं आम्हीही तेच ऐकतोय." मग तिचा आवाज मऊ झाला. "उद्या डॉक्टरांना दाखवा. माझी शपथ आहे."

गुरुवारी सकाळी पाऱ्याने सदतीस पूर्णांक दोन दाखवले. काकांनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडच्या बाई घाईत होत्या. त्यांच्या मागे कुणीतरी सारखं खोकत होतं.

"काय होतंय?"

"थकवा. जेवण नाही. थोडा खोकला."

"ताप किती आहे?"

आणि काकांनी आयुष्यभराच्या सवयीने, अभिमानाने म्हणा हवं तर, अचूक उत्तर दिलं. "सदतीस पूर्णांक दोन."

"म्हणजे नाहीच. सोमवारी या, साडेदहाला."

फोन ठेवताना त्यांना सुटल्यासारखं वाटलं. सोमवारपर्यंत खोकणाऱ्या बाकावर बसावं लागणार नव्हतं.

एक वाजता ते तापमापक घेऊन आत गेले. पडद्याआडून आलेला उजेड पलंगावर मळक्या चादरीसारखा पसरला होता. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, केस विस्कटलेले, डोळे चमकदार आणि कुठेतरी दूर. त्यांनी काकांकडे पाहिलं, आणि लगबगीने पदर सावरला. इतक्या वर्षांत नवऱ्यासमोर त्यांनी असा पदर कधी सावरला नव्हता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "कधी आलात तुम्ही? हे बाहेर गेलेत. बसा ना. जेवूनच जा."

काका जागच्या जागी थिजले. भावजी त्या थोरल्यांना म्हणत. फक्त थोरल्यांना. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. आणि मागे पाहिलं याचीच त्यांना भीती वाटली.

"अगं, मी आहे. मी."

"घसा कसा आहे आता?" काकूंनी अगत्याने विचारलं. "मध पाठवला होता, पोचला ना?"

त्यांनी नळी तिच्या जिभेखाली सरकवली. आज ते पलंगाच्या कडेवर बसले. ती तीन मिनिटं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात लांब. घड्याळाचा सेकंदकाटा प्रत्येक घरात पाय रोवून उभा राहत होता. मेलेला भाऊ खुर्चीत बसून आपल्याकडे बघतो आहे, असं त्यांना वाटलं, आणि तो काहीतरी विचारतो आहे. काय, ते ऐकू येत नव्हतं.

सदतीस पूर्णांक दोन.

खोटं! पहिल्यांदाच, छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यांना पाऱ्याचा संताप आला. ही नळी खोटं बोलते आहे. कुठेतरी पाऱ्याची रेघ तुटली असेल, काच थकली असेल. माणसं थकतात तशी काचही थकते, हे त्यांनीच नव्या माणसांना शिकवलं होतं. ते धडपडत स्वयंपाकघरात गेले, थर्मासमध्ये कोमट पाणी ओतलं, कपाटाच्या वरच्या खणातून निळी पेटी काढली. मखमलीतून मास्टर उचलताना त्यांची बोटं आपोआप सावध झाली. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी पाण्यात धरल्या. वाट पाहिली. चष्मा पुसला. वाकून वाचलं.

मास्टरची पाठ असलेली एका दशांशाची दुरुस्ती मिळवल्यावर दोघांत अर्ध्या दशांशाचाही फरक नव्हता.

नळी खरं बोलत होती. आणि खरं बोलणारी ती नळी हातात धरून, त्या बंद खिडकीच्या स्वयंपाकघरात, जांभळ्या बाटलीसमोर उभे असलेले दशांशकाका असे घाबरले, जसे ते खोटं सापडलं असतं तर कधीच घाबरले नसते. बिघाड असता तर दुरुस्त करता आला असता. आता कुणावर बोट दाखवायचं?

मास्टर परत ठेवताना पेटीच्या तळाशी काहीतरी सळसळलं. दोऱ्याने बांधलेली पिवळी चिठ्ठी. ही त्यांच्या वस्तादांच्या हातची. हे टेबल त्यांच्याकडूनच काकांकडे आलं होतं. 'या मास्टरचा मुक्काम शून्याच्या खाली एक दशांश. वाचनात मिळवून घ्यावा.' चिठ्ठी वाचता वाचता वस्तादांचा घोगरा आवाज त्यांच्या कानात उघडला, पहिल्याच दिवशीचा: नळीला आधी तिचं घर विचार. ती निवांत असताना कुठे राहते ते बघ. घर माहीत नसेल, तर ती किती लांब आली आहे हे तुला कसं कळणार?

काकांनी वही ओढली.

पानं मागे उलटली. लाल रेघेकडे न बघता, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, त्यांनी फक्त तिचे आकडे वाचले. पस्तीस पूर्णांक आठ. पस्तीस पूर्णांक नऊ. पस्तीस पूर्णांक नऊ. छत्तीस. पस्तीस पूर्णांक नऊ. महिनेच्या महिने, आकड्यांचा तो शांत, एकसुरी झरा. कुठेही छत्तीसच्या वर एका दशांशापलीकडे गेलेला नव्हता. तिचं घर पस्तीस पूर्णांक नऊ होतं. आणि आज ती घरापासून एक पूर्णांक तीन अंश दूर होती. मंगळवारपासून पाऊल पाऊल चालत निघालेली. आणि प्रत्येक पाऊल त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात नोंदवून ठेवलं होतं, तारीख-वेळेसकट, आणि एकालाही ओळखलं नव्हतं.

छत्तीस वर्षांत हजारो नळ्यांच्या गळ्यात त्यांनी चिठ्ठ्या बांधल्या होत्या. बायकोसाठी मात्र सरसकट रेघ वापरली होती, सगळ्या जगाची.

जिन्यात पावलं वाजली. दीड वाजला होता. पावलं त्यांच्या दारापाशी आली, गुणगुणणं थांबलं, पावलं पुढे निघाली. आणि काकांनी दार उघडलं.

"नर्सबाई!"

आवाज इतका चिरका निघाला, की त्यांना स्वतःलाच तो ओळखू आला नाही. नर्सबाई चार पायऱ्या वर होत्या. वळल्या. हातातली पिशवी त्यांनी तिथेच पायरीवर ठेवली.

"मला आत येऊ देताय ना, काका?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांना बाजूला सारून आत गेल्या.

त्यांनी तापमापकाकडे पाहिलंही नाही. त्या पलंगाशी वाकल्या, काकूंच्या छातीकडे बघत घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजले, नखं पाहिली, ओठ पाहिले. "काकू, आज वार कोणता?" काकू गोड हसल्या आणि एका नदीचं नाव सांगितलं.

"मिनिटाला तीस श्वास," नर्सबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "कधीपासून असं?"

"मंगळवारपासून. ताप नव्हता हो. म्हणजे होता. मला... मी चुकीच्या जागेवरून मोजत होतो."

"ते गाडीत सांगा. फोन कुठेय? आधी रुग्णवाहिका."

*

इस्पितळाचा बोळ तोच नव्हता, पण भिंतींना रंग तोच होता. काका बाकावर बसले होते, वही मांडीवर, दोन्ही हातांखाली दाबून. त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं खोकत होती आणि ते त्यांना ऐकूही येत नव्हतं. दर वेळी दार उघडलं, की त्यांचं काळीज त्या दाराच्या बिजागरीसारखं करकरत होतं. अकरा दिवस, ते मोजत होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार. थोरल्यांचे अकरा होते. आपण तीन खर्च केले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्या उभ्याच बोलल्या.

"न्यूमोनिया आहे, आजोबा. दोन्ही बाजूंना. ऑक्सिजन लावलाय, औषध सुरू केलंय. पुढचे दोन दिवस बघावं लागेल."

"ताप चढला नाही तिचा," काका म्हणाले. हे बोलायचं नव्हतं, पण तेच बाहेर पडलं.

"या वयात चढेलच असं नसतं. शरीराची झुंजायची ताकद मंदावते, मोठा ताप उभाच राहत नाही. जेवण सुटतं, माणूस बरळतं, गळून जातं. तेच बघायचं." त्यांनी कागद वर केला. "लशी घेतल्यात? फ्लूची, न्यूमोनियाची?"

काकांनी मान हलवली. गेल्या हिवाळ्यात वहिनींनी हलवली होती तशी.

"वजन बरंच कमी आहे. खातात काय?"

"सूप." आवाज खाली गेला. "टोस्ट."

"बाहेर जाणं, चालणं, कुणात मिसळणं?"

नर्सबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. त्या छताकडे बघत राहिल्या. डॉक्टरीणबाईंना घाई होती. पण वळता वळता त्या काकांच्या मांडीवरच्या वहीकडे पाहून थांबल्या. "हे काय आहे?" काकांनी वही उघडून दिली, आणि बोट पस्तीस पूर्णांक नऊवर ठेवलं. काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पानं उलटली, आजचा आकडा पाहिला, ओठ मिटले.

"हे मी ठेवून घेते," त्या म्हणाल्या, आणि वही घेऊन आत गेल्या.

मोकळे झालेले हात कुठे ठेवावेत ते काकांना कळेना.

"तुम्ही मला बोला काहीतरी," बऱ्याच वेळाने ते नर्सबाईंना म्हणाले. "शिव्या द्या. हक्क आहे तुमचा."

"देईन की. काकू घरी आल्या, की दोघी मिळून देऊ." "माणसाला सुरक्षित ठेवता ठेवता तुम्ही त्याची रसदच तोडलीत, काका. पण आज दार उघडलंत. गाडीत सांगितलंत तसे सोमवारपर्यंत थांबला असतात, तर मी काय करणार होते?"

सोमवार. साडेदहा. तो आकडा काकांच्या डोळ्यांसमोर असा उघडा पडला, की त्यांनी डोळे मिटून घेतले.

लेक पहिल्या गाडीने आली. दोन दिवस बाप-लेक त्या बाकावर आळीपाळीने बसून राहिले. तिने एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही, आणि काकांना ते ऐकण्यापेक्षा जड गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आतले लोक धावपळ करू लागले, ऑक्सिजनचं यंत्र सूं सूं करत वाढवलं गेलं, आणि काचेतून काकूंचा चेहरा दिसेनासा झाला. त्या तासाबद्दल काका पुढे कधी कुणाशी बोलले नाहीत. लेकीच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उमटले होते, एवढंच.

*

पाचव्या दिवशी सकाळी काकूंनी डोळे उघडले, नाकातली नळी चाचपली आणि म्हणाल्या, "अहो, वर्तमानपत्र आलं का?"

काका रडले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पलंगाचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

थोड्या वेळाने वॉर्डातली सिस्टर आली, कानाशी यंत्र धरून तिने तापमान घेतलं, पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर लिहिलं आणि हसून म्हणाली, "छत्तीस आठ. एकदम नॉर्मल, आजी."

"नाही," काका म्हणाले.

"काय नाही?"

"हिच्यासाठी अजून नऊ दशांश जास्त आहे."

सिस्टरने त्यांच्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. लेकीने डोळ्यांनीच 'जाऊ द्या' म्हटलं. पण काकांनी खिशातून कागद काढला होता. दुमडला, काठाला नखाने घडी घातली, सरळ फाडला. छत्तीस वर्षांचं ते अक्षर, बारीक, उभं, एकाही ठिकाणी न हललेलं: 'हिचं घर पस्तीस पूर्णांक नऊ. याच्यावर एक अंश गेला, तरी ताप समजावा. जेवण सुटलं किंवा बोलणं भरकटलं, तर आकड्याची वाट पाहू नये.' दोरा नव्हता. लेकीने केसांचं रबर काढून दिलं. चिठ्ठी तक्त्याच्या गळ्यात बसली.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी ती वाचली, दोनदा वाचली. "कुणी बांधलीये?" काका चष्मा पुसू लागले. त्यांनी तक्ता परत अडकवला. "राहू दे तशीच," त्या सिस्टरला म्हणाल्या.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. बरोबर उकडलेलं अंडं आणि सोललेलं संत्रं होतं, आणि काकूंनी दोन फोडी खाल्ल्या. नर्सबाईंनी हात धुतलेत का, हे काकांनी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं, ओठांपर्यंत आलं, आणि तिथेच राहिलं. भीती कुठेही गेली नव्हती. तिने फक्त जागा बदलली होती. आता ती काचेच्या नळीत राहत नव्हती, ती समोरच्या उशीवर, प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होत होती.

"मी तुम्हाला भावजी म्हणाले म्हणे," काकू म्हणाल्या. लेकीने सांगितलं होतं. "बिचारे भावजी. मध विचारला मी त्यांना."

"विचारलास."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी मागे वळून पाहिलं."

काकू हसायला गेल्या, खोकल्या, आणि खोलीतले सगळे श्वास रोखून थांबले. खोकला ओसरला. त्यांनी हाताने 'काही नाही' अशी खूण केली आणि मग तेच बोट काकांकडे वळवलं.

"तुमची चिठ्ठी कुठंय?"

"माझी कशाला?"

"वा! माझं घर सगळ्या वॉर्डाला कळलं. तुमचं मला नको कळायला? उद्या तुम्ही मला वहिनी म्हणायला लागलात, तर मी कुठल्या रेघेकडे बघायचं?"

"वहीत आहे माझाही आकडा. रोजचा."

"तो तुम्ही घेतलेला. मी नाही घेतलेला." त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर सुयांच्या जांभळ्या खुणा होत्या. "द्या ती नळी. आहेच खिशात, माहितीये मला. आणि घड्याळ काढा. उद्या नर्सबाई तुम्हाला दंडात टोचणार आहेत, ठरलंय आमचं. पळ काढू नका."

"हात हलका आहे माझा," नर्सबाई संत्र्याची साल गोळा करता करता म्हणाल्या.

काकांनी मुकाट्याने तापमापक झटकून दिला, घड्याळ उतरवून काकूंच्या हातावर ठेवलं आणि तोंड उघडलं. काचेचा थंड स्पर्श जिभेखाली आला. काकूंनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि सेकंदकाट्यावर नजर लावली, पेपर सुरू झाल्याची घंटा वाजल्यावर वर्गाकडे पाहावं तशी.

तोंड बंद असल्याने काकांना काही बोलता येत नव्हतं. त्यांच्याजवळ करण्यासारखं एकच काम उरलं, आणि ते त्यांनी केलं. ते तिच्या छातीकडे बघत राहिले. एक. दोन. पांघरूण उचललं जाई, क्षणभर तसंच राही, आणि त्या क्षणात त्यांचं सगळं आयुष्य अडकून राही, मग खाली येई. पहिल्या मिनिटाला एकवीस. दुसऱ्या मिनिटाला बावीस, आणि त्यांच्या तळहातांना घाम फुटला.

"हलू नका," काकू म्हणाल्या. "एक मिनिट राहिलंय."

काकांनी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.